उलटा डबा आणि मामांची झांज

आमचे मामा मनगटावरच्या घड्याळात वेळ बघायचे, मग भिंतीवरच्या घड्याळात बघायचे, आणि दोन्हींत एकच वेळ असली की जास्तच बिथरायचे. "दोघं मिळून फसवत असतील," असं ते अगदी मनापासून म्हणायचे. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या घरात मराठी आणि कानडी शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना अत्ती. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी नवऱ्याने, म्हणजे मल्लिनाथने, मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अप्पा तुझ्यावर संशय घेतील. मनावर घेऊ नकोस. ते देवळातल्या प्रसादावरही घेतात."

मामांचा सगळा जन्म टॉवेल-चादरीच्या कारखान्यात माल तपासण्यात गेला. खालून दिवे लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड पुढे सरकायचं आणि मामा त्यावर डोळे रोखून उभे असायचे. कुठे धागा तुटला, कुठे गाठ आली, कुठे तेलाचा डाग पडला, की त्या ठिकाणी काठाला एक लाल दोरा बांधायचा. पुढे घडी घालणाऱ्या बायकांना दोऱ्यावरून कळायचं की इथे दोष आहे. मी एकदा भाबडेपणाने विचारलं, "मग चांगल्या मालाला काय बांधायचे?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "चांगल्या मालाला काय बांदायचं असतं? त्यो गप पुढं जातो की."

निवृत्त झाल्यावर काचेचं टेबल कारखान्यात राहिलं, पण दोरा ते घरी घेऊन आले. म्हणजे खरा दोरा नव्हे, शब्दातला. अत्तींच्या आमटीत मीठ कमी पडलं की "दोरा". मल्लिनाथने नवीन शर्ट आणला की बाही ओढून बघत "दोरा". दुधाची पिशवी उजेडाकडे धरून, तारीख दोनदा वाचून, वास घेऊन, तरीही दोरा. संध्याकाळी अत्ती मला हळूच विचारायच्या, "आज तुला किती मिळाले?" आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसायचो. घरात कुणाचं काही चांगलं झालं तर त्यावर मामा एक अक्षर बोलायचे नाहीत. ते गप पुढे जायचं.

माझ्याबद्दलचा त्यांचा मुख्य आक्षेप माझ्या माहेराचा होता. मी कुर्डुवाडीची. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात, घर रुळांना लागून. "जंक्शनच्या पोरी," मामा अत्तींना मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "दिसायला बऱ्या असत्यात. पर कान गेलेले असत्यात. दिवसरात गाड्यांचा दणका. तिला काय कळणार सूर?" मला याचा खरोखर राग यायचा. रुळाशेजारी वाढलेल्या माणसाला मालगाडी आणि एक्स्प्रेस यांतला फरक पाण्याच्या पेल्यातल्या थरथरीवरून कळतो, हे मी एकदा सांगून बघितलं. त्यांनी फक्त "हं" म्हटलं. म्हणजे दोरा.

कानांचा एवढा बडिवार कशाला, तर मामा झांज वाजवायचे. मैंदर्गीला, त्यांच्या मूळ गावी, त्यांच्या भजनी मंडळात तरुणपणापासून त्यांची झांज होती. कारखान्याला सुट्टी असली की गाव गाठायचे. पुढे कधीतरी मंडळातल्या लोकांनी वर्गणी काढून सोलापुरातल्या एका छोट्या स्टुडिओत आपल्या भजनांची सीडी करून घेतली होती. तिच्यातलं पहिलं भजन सुरू होतं ते एकतारीच्या झुणझुणीने. मग, पेटीचा पहिला सूर लागायच्या आधी, झांजेचा एकच हलका स्पर्श. आपटलेली नव्हे, नुसती कडेला कड लावलेली. तो स्पर्श मामांचा. सबंध सीडीत त्यांना अभिमान होता तो तेवढ्या एका नादाचा, आणि संशयही त्याच्यावरच. रेकॉर्डिंगवाल्याने आपली झांज मुद्दाम दाबली, कारण तो पेटीवाल्याच्या मेव्हण्याचा दोस्त होता, असं त्यांचं ठाम मत होतं.

म्हणून मामा ज्या ज्या यंत्रावर ती सीडी लावायचे, ते त्या एका नादासाठी. घरातल्या डीव्हीडी प्लेअरवर झांज यायची ती "पत्र्यावर गारा पडल्यागत". मल्लिनाथने सगळी भजनं मोबाइलमध्ये भरून दिली, तर मामांनी मोबाइल कानापासून लांब धरला. "ह्यात आदीच कुणीतरी ऐकून ठिवलंय आणि उरलेलं आपल्याला दिलंय." नवी पेठेतल्या दुकानदाराने एक चकचकीत म्युझिक सिस्टिम दाखवली. तो जितकी तारीफ करत गेला तितके मामा मागे सरकत गेले आणि शेवटी दुकानाच्या पायरीवर पोचले.

तेव्हा मल्लिनाथच्या एका मित्राने तो डबा सुचवला. मल्लिनाथच्या शाळेतल्या दिवसांत टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम होता घरात, करड्या रंगाचा, चपटा, वर गोल झाकण असलेला. गेमच्या चकत्या त्यात घालायच्या, पण गाण्याची सीडी घातली तर तीही वाजायची. तो कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता. मित्र दुरुस्तीच्या कामातला. तो म्हणाला, "काका, ह्या जुन्या मॉडेलचा आवाज लई चांगला हाय. हौशी लोकं ह्येच शोधत फिरत्यात. मागं लाल-पांढरी वायर लावा, तुमच्या जुन्या अँप्लिफायरला जोडा. नव्या सिस्टिमची गरज न्हाय." मामांना हे पटेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्यांनी डबा उलटसुलट करून बघितला आणि मग जे म्हटलं ते मी अजून लोकांना सांगते. "गाण्याचं मशीन म्हणून विकणारा गाण्यात फसवील. ह्यो तर खेळणं म्हणून विकलाय. ह्याला गाण्यात फसवायचं कारणच न्हाय."

तरी परीक्षा झालीच. डीव्हीडी प्लेअर, मित्राकडून मागून आणलेलं एक महागडं यंत्र आणि हा डबा, तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वर आपल्याच कारखान्याची चादर टाकली, म्हणजे वाजतंय काय ते दिसायला नको. मामा भिंतीकडे तोंड करून बसले, डोळ्यांना टॉवेल बांधला. नियम असा की झांज ऐकू आली की हात वर करायचा आणि मग मत सांगायचं. बटण दाबायला आधी मल्लिनाथ होता, पण त्याच्या श्वासावरून कळतं म्हणून त्याला उठवलं आणि अत्तींना बसवलं, कारण त्यांना कुठलं यंत्र कुठलं हे माहीतच नव्हतं. दर वेळी मामांनी डबाच निवडला. त्याचाही त्यांना संशय आला. दुसऱ्या दिवशी यंत्रांच्या जागा बदलून पुन्हा सगळं केलं, आणि पुन्हा डबाच. "हातात वाजती तशी वाजली," एवढंच म्हणाले, आणि टॉवेल सोडताना त्यांचे डोळे ओले होते. घामाने, असं त्यांनी सांगितलं.

डबा म्हातारा होता. आतलं भिंग खाली बसल्यामुळे सीडी अडखळायची. मित्राने तोडगा सांगितला की तो उलटा ठेवा, म्हणजे भिंग आपोआप जागेवर येतं. तेव्हापासून आमच्या दिवाणखान्यात तो डबा कायम पाठीवर पडलेल्या कासवासारखा उलटा असायचा. सीडी घालायची, झाकण लावायचं आणि दोन्ही हातांनी अलगद पालथा करायचा. हे काम फक्त मामा करत. बाकी कुणी हात लावला तर भिंग हलेल हा संशय.

सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून मामा डब्यासमोर बसायचे. हातात गेम खेळायचं ते बटणांचं हत्यार, कारण गाणं पुढे-मागे त्यानेच व्हायचं. डोळे मिटलेले, अंगठा बटणावर. खिडकीतून समोरच्या घरातल्या गुरुजींना दिसायचं ते एवढंच. एक दिवस त्यांनी मल्लिनाथला रस्त्यात थांबवून काळजीने सांगितलं की वडलांना या वयात गेमचं व्यसन लागलंय, सकाळी सकाळी बसतात, वेळेत आवरा. मल्लिनाथने घरी येऊन हे सांगितल्यावर अत्ती हसून हसून खाली बसल्या. मामांना मात्र वेगळाच प्रश्न पडला. "गुरुजी आपल्या घरात बघतोय कशाला?"

असं दोन-तीन वर्षं छान चाललं. मग एका सकाळी मामा म्हणाले, "झांज दबली."

मी भाकऱ्या थापत होते. मला स्वयंपाकघरातून झांज ऐकू आली होती, नेहमीसारखीच. पण जंक्शनच्या पोरीला कोण विचारतं. मामांनी आधी वायरवर संशय घेतला, नवी वायर आली. मग विजेवर, की आजूबाजूचे माग चालू झाले की लाईन घाण येते. म्हणून ते आणखी लवकर उठू लागले. मग सीडीवर. मग मित्रावर, की त्याने दुरुस्तीच्या नावाखाली आतला चांगला भाग काढून घेतला. तो बिचारा पुन्हा यायचाच बंद झाला. आणि या सगळ्यांवरून फिरत फिरत संशय शेवटी माझ्यावर आला. मी एकदा सीडीवरची धूळ पदराने पुसली होती. "पदराला जर हाय तुज्या. चरे पडले. तूच झांज घालवलीस."

एवढं झालं आणि मामा माझ्याशी बोलायचे थांबले. डबा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली जानव्यासारखी गळ्यात. मी चहा ठेवला तर कप उचलायचे, पण अत्तींच्या हातूनच आल्यासारखा. दोरे मिळत होते तेच बरे होते असं मला वाटायला लागलं. एका रात्री जेवताना ते मल्लिनाथला म्हणाले, "डबा भंगारात देऊन टाक. दोष धरलाय त्यानं." मग ताटातली भाकरी तशीच ठेवून उठले. ज्या माणसाने जन्मात ताटात घास टाकला नव्हता, तो उठला. दोष कुठे आहे हे अत्ती, मल्लिनाथ आणि मला, तिघांनाही कळलं होतं. हाक मारली तर मामा दुसऱ्यांदा वळायचे, आणि दारावरची घंटा वाजली तर "कुणी दाबतच न्हाय, सुम्मने, उगंच वाजली म्हंता तुमी," असं म्हणायचे. हे त्यांना सांगायचं कुणी? ज्या माणसाने सबंध जगावर संशय घेतला, त्याने आपल्या कानांवर कधी घेतला नव्हता.

आम्ही सांगितलं नाही. त्यांनीच शोधलं, आणि आपल्याच पद्धतीने. भंगारात द्यायच्या आधी मालाची शेवटची तपासणी झाली पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं. रविवारी सकाळी अत्ती, मल्लिनाथ आणि मला भिंतीकडे तोंड करून बसवलं, तिघांच्या डोळ्यांना टॉवेल. माझ्याशी बोलत नव्हते, म्हणून मला बसायला अत्तींमार्फत सांगितलं. बटण दाबायला समोरचे गुरुजी, कारण त्यांची कुणाकडेच बाजू नव्हती. मामाही टॉवेल बांधून आमच्याच रांगेत बसले. झांज ऐकू आली की हात वर, कुणी बोलायचं नाही.

एकतारी सुरू झाली. मग तो हलका, कडेला कड लावलेला नाद आला. मी हात वर केला. पेटी लागली, भजन सुरू झालं, तरी गुरुजी सीडी थांबवेनात, म्हणून मी टॉवेल वर सरकवून बघितलं. मामांनी आपला टॉवेल आधीच काढला होता. आम्ही चोरून बघतो की काय हे बघायला ते वळले होते, आणि त्यांना आमचे तीन हात वर दिसत होते. त्यांचे स्वतःचे दोन्ही हात मांडीवर होते.

"कवा वाजली?" त्यांनी गुरुजींना विचारलं.

"मघाशीच वाजली की," गुरुजी म्हणाले.

"तुमी ठरवून केलंय," मामा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी ते आमच्या मागे उभे राहिले, कुणी कुणाला खुणावत नाही ना ते बघायला. झांजेला पुन्हा तिघांचे हात एकाच क्षणी वर गेले असणार, कारण मामा मागून हळूच म्हणाले, "तीन मानसं न बगता एकदम खोटं बोलू शकत न्हाईत." मग ते आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चष्म्याच्या काडीला, जिथे ती कानावर टेकते तिथे, लाल दोरा बांधलेला होता. अत्तींच्या शिवणाच्या डब्यातला, खराखुरा. "दोष हितं हाय," ते म्हणाले. "डबा चांगला हाय. त्याला कुटं द्यायचं न्हाय." मी तिथेच रडले. गुरुजींनी हातातलं ते बटणांचं हत्यार कुठे ठेवावं हे न कळून ते तसंच धरून ठेवलं होतं.

त्यानंतर कानाचं मशीन आलं. माणसांशी बोलायला मामा ते घालायचे, पण डब्यासमोर बसताना काढून ठेवायचे. "ह्यो कंपनीचा कान हाय. कंपनी मला तिच्या मनातली झांज ऐकवील. बेडा." नको म्हणजे नकोच. मग त्यांनी मला हाक मारली. कपाटाची किल्ली गळ्यातून काढून माझ्या हातात दिली, डबा पालथा कसा करायचा ते दाखवलं, माझ्याकडून तीन-चारदा करून घेतलं आणि म्हणाले, "तू हितं बस. झांज आली की सांग." जंक्शनच्या पोरीला. सकाळी भाजी फोडणीला टाकून मी येऊन बसायची, सीडी लावायची. मामा एक तळवा डब्यावर ठेवून डोळे मिटायचे. मला वाटायचं, मायेने ठेवतात.

"आली?"

"आली, मामा," मी कानाशी वाकून मोठ्याने सांगायची.

"कशी आली?"

"हातात वाजते तशी."

मग त्यांचा दुसरा हात मांडीवर भजनाच्या ठेक्यात हलायला लागायचा. आतून त्यांना सगळं पाठ होतं, फक्त सुरुवात कधी झाली एवढं माझ्याकडून हवं असायचं. माझ्या शब्दावर सबंध भजन सुरू व्हायचं, याची मला भीतीच वाटायची.

मामांना जाऊन आता वर्ष होत आलं. फार हाल झाले नाहीत. दवाखान्यातही सलाइनची बाटली उजेडाकडे धरून बघितली होती. त्यांचा चष्मा अत्तींनी दोऱ्यासकट ठेवून दिलाय. डबा दिवाणखान्यात उलटाच आहे, आणि आलेला प्रत्येक पाहुणा तो सरळ करायला जातो. दुधाची पिशवी आता मी उजेडाकडे धरते. मल्लिनाथ म्हणतो की घरातला संशय सुनेकडे गेला.

पण मला सारखी आठवते ती त्यांच्या शेवटच्या दिवाळीआधीची सकाळ. त्या दिवशी मी डबा पालथा केला, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. ना एकतारी, ना झांज. पुन्हा केलं, तरी नाही. भिंगाने शेवटी दम सोडला होता. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि मल्लिनाथला सांगितलं. तो दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "आली म्हणून सांग. त्यांना कुठे ऐकू येतंय? या वयात कशाला धक्का द्यायचा? बसतील आनंदात." त्याचं म्हणणं प्रेमाचंच होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. एक शब्द बोलायचा होता. रोज सकाळी एक शब्द, आणि मामा सुखात राहिले असते.

मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. मामा तसेच बसले होते, डोळे मिटून, तळवा डब्यावर.

"आली?" त्यांनी विचारलं.

'आली' ओठांवर आलं होतं. पण त्या माणसाला, जो घड्याळालासुद्धा दुसऱ्या घड्याळाकडून तपासून घ्यायचा, त्याला खोटी झांज द्यायला जीभ वळेना. मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "नाही आली, मामा. डबा बंद पडला."

त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर धक्का वगैरे काही नव्हता.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "चकती फिरली की हाताला कळतं. आज फिरलीच न्हाय."

म्हणजे रोजचा तो तळवा मायेचा नव्हता तर. मी रोज 'आली' म्हणत होते आणि ते रोज तळव्याने तपासत होते. मला हसू आलं आणि थोडा रागही आला.

"मग विचारलंत कशाला?"

त्यांनी माझ्या साडीचा पदर हातात घेतला, तोच, जर असलेला, खिडकीच्या उजेडाकडे धरला, काठावरून अंगठा शेवटपर्यंत फिरवत नेला आणि सोडून दिला.

"दोरा न्हाय," ते म्हणाले. "जा, भाजी करपायली."

भाजी खरंच करपली होती. जेवताना त्यांनी ती गप खाल्ली.